हात वर दिसला की

मी कान तपासायच्या सेंटरमध्ये काम करते आणि माझे स्वतःचे कान कुत्र्याच्या कानांसारखे तिखट आहेत. हे मी कौतुकाने सांगत नाही. उलव्याच्या बाजूला आमचं गाव, आणि तिथल्या आमच्या घरात ज्याचे कान तिखट तोच वाचायचा. बाबांची मोटारसायकल वळणावर आली की गिअर कसा पडला यावरून मला कळायचं, आज अभ्यासाचं निमित्त करून शेजारच्या रेवाकाकीकडे पळायचं की घरीच ताटं मांडायची. फाटकाची कडी आदळली तर बरं. मग नुसता आरडाओरडा व्हायचा, एखादं भांडं चेपायचं आणि बाबा झोपून जायचे. कडी हळू लागली, अगदी बेताने, की मी हातातलं ताट खाली ठेवायचे. त्या दिवशी कोणाचा तरी नंबर असायचा, आईचा नाहीतर माझा.

लोक पालीला भितात, भुताला भितात. मी शांत माणसाला भिते. आणि ज्याच्याशी माझं जुळलंय तो प्रणित शांत माणूस आहे. एवढं सांगितलं की माझी पंचाईत लक्षात यावी.

आता मी सुकापूरला भाड्याच्या खोलीत एकटी राहते. दाराच्या आत लगेच चपला, चपलांच्या शेजारी एक सॅक, सॅकमध्ये दोन ड्रेस, चार्जर आणि पाण्याची बाटली. कुठे जायचं ते ठरलेलं नाही, पण निघायची तयारी पक्की. पनवेलच्या सेंटरला लागले तेव्हा सरावासाठी माझीच तपासणी केली होती. डाव्या कानाला वरच्या पट्टीतले आवाज जरा कमी येतात असं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कधी कानाला मार लागला होता का. मी म्हटलं, आठवत नाही. आठवत होतं सगळं, अगदी बाबांच्या हातातल्या अंगठीसकट, पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कोण असलं सांगत बसतं?

आई फोनवर म्हणते, आता बदलले गो ते, शुगर निघाल्यापासून हात उचलत नाहीत. म्हणजे बाबांना, काशिराम पाटलांना, माणसात आणलं ते शुगरने, आमच्या रडण्याने नाही. मी बरं म्हणते आणि फोन ठेवते.

प्रणित पहिल्यांदा सेंटरवर आला तो वडिलांना घेऊन. दिनानाथ कोळी, उरणजवळच्या मोऱ्याचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. घरीदारी सगळे त्यांना दाजी म्हणतात, पोटचा मुलगासुद्धा. सगळं आयुष्य होडीच्या इंजिनाशेजारी सुकाणू धरून गेलेलं, त्यामुळे उजवा कान पार गेलेला आणि डावा अर्धामुर्धा. त्यांना काचेच्या खोलीत बसवून मी खुणेने सांगितलं, आवाज ऐकू आला की हात वर करा. त्यांनी हात वर केला तो असा, की खांद्यापासून सरळ, पंजा उघडा, एखाद्या बोटीला थांबवावं तसा. मग ते आवाज नसतानाही हात वर करायला लागले, मला बरं वाटावं म्हणून. मी हसले. आमच्या मध्ये काच होती, म्हणून हसू शकले.

प्रणित आत गेला आणि त्याने त्यांना नीट समजावून सांगितलं. तो आधी लांबून वळसा घालून त्यांच्या समोर गेला, त्यांची नजर वर येईपर्यंत थांबला आणि मगच जवळ गेला. हे मी पाहिलं आणि का कोण जाणे, लक्षात ठेवलं.

त्यानंतर तो दाजींना दिलेल्या कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या न्यायला येऊ लागला. दाजींनी त्या भज्यांसारख्या खाल्ल्या असत्या तरी एवढ्या लागल्या नसत्या. मग वडाळे तलावावर फेऱ्या सुरू झाल्या, मग रविवारचा सिनेमा, मग त्याने एकदा माझा हात धरला आणि मी तो काढून घेतला नाही. बंदराजवळच्या कंटेनर यार्डात तो सर्व्हेयर आहे, मोठाल्या लोखंडी पेट्यांचे पोचे शोधत हिंडतो. माझे पोचे त्याला दिसू नयेत याची मी फार काळजी घेतली. बाबांशी माझं पटत नाही, एवढंच सांगितलं. त्याने खोदून विचारलं नाही.

दिवाळी आली, गेली, तरी हा माणूस चिडला म्हणून नाही. एकदा रिक्षावाल्याने त्याच्या नव्या बाइकचा आरसा उडवला. प्रणित खाली उतरला, आरसा बघितला, म्हणाला, जाऊ दे. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. माझ्या मते राग हा प्रत्येक घरात असतोच, गॅसच्या सिलिंडरसारखा. दिसत नाही म्हणजे ओट्याखाली आहे. याचा ओटा कुठे आहे तेच मला सापडत नव्हतं. तो जितका चांगला वागायचा तितका माझा जीव वरखाली व्हायचा, की अजून झालं नाही म्हणजे पुढे कधीतरी होणार आणि साचून होणार. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून तलावाकडे बघत असतानासुद्धा माझा एक कान त्याच्या श्वासावर असायचा.

याआधी दोघांना मी सोडलं होतं. एकाने हॉटेलात वेटरवर आवाज चढवला, त्याचा नंबर मी घरी पोचायच्या आत ब्लॉक केला. दुसऱ्याने काहीच केलं नव्हतं, तरी केला. त्या बिचाऱ्याला आजही कळलं नसेल की त्याचं काय चुकलं.

पण प्रणित मला हवा होता. हे मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नव्हते, इतकी त्या इच्छेचीच भीती वाटायची. पळाले तर हाही जाणार आणि मग मी जन्मभर त्या सॅकशेजारी बसून राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

नवीन पनवेलच्या अरुंधती मॅडमकडे मी समुपदेशनाला जाते. त्या सल्ले देत नाहीत, गृहपाठ देतात. त्यांनी या वेळी एकच वाक्य दिलं होतं. पळावंसं वाटलं तर जरूर पळा, म्हणाल्या, फक्त पळायच्या आधी समोरच्याला सांगा, मला भीती वाटतेय. कारण सांगू नका, रडू नका, नुसतं एवढं बोला आणि तो काय करतो ते बघा. ऐकायला किती सोपं. मी ते वाक्य आमच्या सेंटरच्या आवाजबंद खोलीत जाऊन, दार लावून, पाठ केलं. तिथून काही बाहेर जात नाही. तरी माझा आवाज फुटेना.

डिसेंबरात प्रणित म्हणाला, दाजींनी होडीला नवं इंजिन बसवलंय, रविवारी त्याची पूजा आहे. नवं इंजिन बसलं की मासळीला जायच्या आधी घरच्या बायकांना बसवून एक फेरी मारायची, अशी त्यांच्या घरची रीत. तू येशील का? मग जरा थांबून म्हणाला की आईला तुला बघायचंय, आणि पसंत पडलं सगळ्यांना तर ते लोक तुझ्या घरी बोलायला येतील. तुझ्या घरी, या शब्दांपाशीच मी अडकले. तरी मी हो म्हटलं. नाही म्हणायची सवय मला बाबांच्या घरात कधी लागलीच नव्हती.

रविवारी सकाळी त्याच्या बाइकवरून निघालो. गव्हाण फाट्याच्या पुढे आमच्या गावाकडे वळणारा रस्ता लागतो. तो जवळ आला तशी मी ओढणीने तोंड झाकलं आणि त्याच्या पाठीआड झाले. बाबा रविवारी सकाळी तिथल्या टपरीवर असतात. आता त्यांच्या अंगात पूर्वीचं काही उरलेलं नाही, औषधं घेऊन बसलेला म्हातारा, पण माझ्या पाठीला हे कोण सांगणार. कंटेनरचे ट्रेलर बाजूने धडधडत जात होते. मी डोळे मिटून घेतले ते उरण येईपर्यंत.

मोऱ्याच्या कोळीवाड्यात प्रणितचं घर. आत शिरताना मी पुढचं दार बघितलं, मागचं दार कुठे उघडतं ते बघितलं, आणि मागच्या दाराची कडी नुसती अडकवलेली आहे हेही बघितलं. मग नमस्कार केला. आणि मग त्या घराचा आवाज सुरू झाला.

ते लोक बोलत नाहीत, हाका मारतात. मीठ मागायचं तरी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं मागतात. दाजींचं मशीन, जे मी एवढं मापून, जुळवून दिलं होतं, ते शोकेसमध्ये डबीसकट गणपतीच्या शेजारी मांडलेलं होतं. दाजींच्या म्हणण्याप्रमाणे ते घातलं की पंख्याचाच आवाज जास्त येतो. मला धंद्याच्या माणसाला येतो तसा राग आला, पण तो टिकला नाही, कारण दर हाकेला माझे खांदे कानाशी जात होते. डोक्याला सगळं कळत होतं. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओरडतात, ओरडून ओरडून सवय झाली, यात कोणी कोणावर रागावलेलं नाही. हे मी स्वतःला समजावत होते आणि हातातला चहा बशीत सांडत होता.

प्रणितच्या आई, जनीकाकी, तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांना मदत करू म्हणून मी उठले आणि दाजींच्या मागून जायला लागले, तर काकींनी मला डोळ्यांनीच अडवलं.

"मागशी नको जाऊ गो. त्यांना आयकू येत नाय, दचकतान. आमच्या घरान समोरशी येयाचा. आधी दिसायचा, मंग जवल जायाचा. पोरांना लानपनापासून तीच सवय."

मी तिथेच उभी राहिले. प्रणित कधी मागून येत नाही, हे माझ्या केव्हाच लक्षात आलं होतं. तलावावर भेटायचो तेव्हा तो लांबचा फेरा घालून समोरून यायचा, मी वर बघेपर्यंत थांबायचा. मला वाटायचं, याला माझ्याबद्दल काहीतरी कळलंय आणि हा त्याचा डाव आहे. डाव वगैरे काही नव्हता. बहिऱ्या बापाच्या घरात वाढला होता, इतकंच. मला क्षणभर फार हलकं वाटलं, आणि लगेच वाटलं, आता सावध राहायला हवं, कारण हलकं वाटलं की माझं लक्ष उडतं.

पूजा झाली. इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, गुलाल लावला. मग मी, काकी आणि दोन शेजारणी होडीत चढलो. जेट्टीवरून होडीत पाय टाकताना मला जाणवलं की होडीला मागचं दार नाही.

नवं इंजिन सुरू झालं आणि त्याच्या दणक्यात माणसांचा आवाज पार बुडाला. दाजी मागे सुकाणू धरून, प्रणित पुढच्या टोकाला. त्या दोघांचं बोलणं हातांनी चाललं होतं. काकी माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून खुणा समजावत होत्या. हात खाली दाबला की हळू. पंजा छातीकडे ओढला की ये. आणि हात सरळ वर, पंजा उघडा, की थांब.

"दर्यान हात वर दिसला का थांबायचा," त्या म्हणाल्या. "का, कशाला, कोन, ते मंग इचारायचा. आधी थांबायचा. नायतर होडी होडीवर जाते, जाली फाटतान."

मी काकींबरोबर त्या खुणा करून बघितल्या. समोर घारापुरीचा डोंगर, पाणी शांत, शेजारणी एकमेकींना चापट्या मारत हसत होत्या. प्रणितने वळून माझ्याकडे बघितलं आणि नुसत्या भुवया उडवून विचारलं, ठीक? मी मान हलवली. त्या घटकेला खरंच ठीक होतं. भीती होती, पण ती तर रोजची.

परत येताना काकींनी मला दाजींच्या पायाशी फळीवर बसवलं, तिथे हिसके कमी बसतात म्हणून. जेट्टी जवळ आली होती. प्रणित पुढे दोर घेऊन उभा. तेवढ्यात जेट्टीच्या आडून एक दुसरी होडी मागच्या मागे आमच्या वाटेत बाहेर निघाली. दाजी सुकाणू सोडून ताडकन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

ती खूण मला माहीत होती. अर्ध्या तासापूर्वी मी स्वतः करून बघितली होती. पण त्या हाताची सावली माझ्या तोंडावर पडली आणि पुढचं मी काही केलं नाही, ते माझ्या अंगाने केलं. मी फळीवरून खाली होडीच्या तळात होते. गुडघे छातीशी, दोन्ही हात डोक्यावर, डावं कोपर डाव्या कानावर दाबलेलं. बाबा उजव्या हाताचे होते, समोरून मारलं की डावा कान सापडतो. आणि मी बोलत होते. पुन्हा नाही करणार, पुन्हा नाही करणार, असं काहीतरी, सात वर्षांच्या आवाजात. इंजिनामुळे कोणाला ऐकू गेलं नाही, असं मला वाटत होतं. मग दाजींनी इंजिन बंद केलं.

शेवटचं एक पुन्हा नाही करणार त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं. शेजारणींचं हसणं थांबलं. मी हात काढले नाहीत. हात काढले की दिसतं कोण कुठे उभं आहे, आणि मला ते बघायचं नव्हतं.

दाजींना मात्र काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी फक्त पाहिलं होतं. ते माझ्या समोर आले, लांब होते तिथेच उकिडवे बसले आणि त्यांच्या अंदाजाने हळूच विचारलं. त्यांचा हळू आवाज म्हणजे दोन होड्या पलीकडे जाणारा.

"कोनी मारला गो तुला?"

अख्खी जेट्टी वळून बघायला लागली. वीस वर्षं मी जे गावात, कॉलेजात, सेंटरवर, दोन बिचाऱ्या मुलांना आणि प्रणितला कळू दिलं नव्हतं, ते एका बहिऱ्या माणसाने मोऱ्याच्या धक्क्यावर ओरडून सांगितलं. मला पाण्यात उडी मारावीशी वाटली. पोहता येत नाही म्हणून मारली नाही.

मी प्रणितकडे बघितलं, आणि बघायला नको होतं. त्याचा चेहरा बदलला होता. जबडा आवळलेला, मानेची शीर उभी राहिलेली, दोर धरलेली मूठ पांढरी पडलेली. त्याला राग आला होता. इतक्या महिन्यांत मी ज्याची वाट बघत होते तो हा. राग कोणावर ते माझ्या डोक्याला कळत होतं, ज्याने मारलं त्याच्यावर, दुसरं कोण असणार. पण माझ्या अंगाला राग म्हणजे राग. त्याच्यावर पत्ता लिहिलेला नसतो. मॅडमचं वाक्य मी घशात शोधलं. ते तिथे नव्हतं.

होडी जेट्टीला घासली आणि ती बांधायच्या आधी मी उडी टाकून वर चढले. चपला होडीतच राहिल्या. काकींनी हाक मारली, मी थांबले नाही. मोऱ्याची जेट्टी लांबलचक आहे. पुढच्या पायऱ्यांना भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच लागली होती. ओहोटी सुरू झाली होती, म्हणून तिकडचा माणूस चला, चला करत लोकांना घाईने चढवत होता. मला मुंबईत काहीही काम नव्हतं. पण लाँच सुटणार होती आणि सुटणाऱ्या कशातही मी बसले असते. एकदा बसले की नंबर ब्लॉक करायचा, सेंटरला दुसरी मुलगी ठेवा म्हणून सांगायचं, संपलं. हे मला पाठ होतं.

आणि मागून पावलं ऐकू आली. अनवाणी, दगडावर, भरभर. प्रणितची चाल मी शंभर माणसांत ओळखते, पण अशी भरभर ती कधी ऐकली नव्हती. तो कधीच माझ्या मागून आला नव्हता. पावलं जवळ येत होती. बाबांच्या घरात मी एकदाच पळाले होते, ओटीवरून अंगणात, आणि मागून अशीच पावलं आली होती. आपण कितीही पळालो तरी ती आपल्यापेक्षा भरभर येतात, हे मला तेव्हा कळलं होतं.

मी वळले. माझा हात डोक्याकडे निघाला होता, नेहमीसारखा, कोपर पुढे काढून. मध्ये कुठेतरी तो सरळ झाला. कसा, ते मला सांगता येणार नाही. खांद्यापासून सरळ वर, पंजा उघडा.

प्रणित थांबला.

थांबला म्हणजे एक पाय पुढे टाकलेला तसाच थांबला. त्याच्या मागून टोपली घेऊन येणारी बाई त्याच्यावर आदळली आणि तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो हलला नाही. बाई बाजूने निघून गेली. त्याला धाप लागली होती, चेहरा अजून तसाच लाल होता, आणि तो थांबला होता. सवयीने त्याचाही हात उत्तराला वर निघाला, समुद्रावर तसं उत्तर देतात. कमरेपर्यंत आला आणि त्याने तो मध्येच आवरला. मग दोन्ही हात खिशात घातले.

हात वर उचलला की तो किती वेळ वर राहतो हे मला चांगलं माहीत होतं. पडेपर्यंत. माझा हात वर होता आणि त्याला कोणावर पडायचं नव्हतं. मी तो तसाच ठेवला. आपल्या हाताने एक माणूस उभा राहतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि मला खरं वाटत नव्हतं. वाटत होतं, आता येईल. आता येईल. मी हात खाली घेतला की येईल.

"मला भीती वाटतेय," मी म्हटलं. इतक्या लांब ते पोचणं शक्य नव्हतं. मग मी त्यांच्या घरासारखी ओरडले. "प्रणित, मला तुझी भीती वाटतेय."

लाँचच्या पायऱ्यांवरचे लोक बघत होते. बघू देत, आता झाकायचं काय उरलं होतं. मला वाटलं, तो म्हणेल मी काय केलं, मी तसा नाही, माझ्यावर विश्वास नाही का. हे सगळं मला ऐकायची तयारी होती आणि त्यातलं काहीही ऐकलं असतं तर मी लाँचमध्ये बसले असते.

"बरं," तो म्हणाला. माझ्याशी तो नेहमी शहरातलं बोलतो, पण या वेळी घरचं आलं. "मी हितंच हाय."

लाँच भोंगा वाजवून सुटली. वर धरलेल्या हाताने माझा खांदा भरून आला होता. शेवटी हात मी हळूहळू खाली आणला, डोळे त्याच्यावरच ठेवून, त्याच्या पायांवर. पाय जागचे हलले नाहीत. लांब मागे होडीजवळ दाजी कोणाला तरी विचारत होते, पोरगी गेली का, आणि काकी त्यांना ओरडून गप्प बसवत होत्या.

मला वाटलं होतं, हात खाली गेला की तो येईल. पण दर्यात तसं नसतं. हात खाली म्हणजे ये असं नाही. बोलावायची खूण वेगळी, पंजा छातीकडे ओढायचा, तीही काकींनी मघाशी होडीत शिकवली होती. ती मला येत होती. भीती होती तशीच होती, डाव्या कानात. माझ्या मागे लाँच लांब गेली, तिच्या लाटा जेट्टीला लागल्या आणि थांबल्या. ती खूण करायला मला खूप वेळ लागला. तेवढा वेळ तो उभा राहिला.